मुखवटा आणि नाडा

गेल्या पावसाळ्यात मी एका मुलाला त्याचा व्हॉट्सॲपचा डीपी काढायला लावला. गोष्ट एवढीच आहे, पण मनातून जात नाही म्हणून लिहिते.

मुलगा माझा जुना विद्यार्थी. आठवी ते दहावी तीन वर्षं मी त्याला उर्दूही शिकवलं आणि मराठीही. आता तो शहरात डिप्लोमा करतो. (शहराचं नाव वाचणाऱ्याने आपापल्या सवयीप्रमाणे घ्यावं. चितेगावच्या स्टॉपवर रिक्षावाले अजून नुसतं ‘सिटी, सिटी’ असं ओरडतात, त्यामुळे आमची परस्पर सुटका होते.) बकरी ईदला त्याचा मुबारकबादीचा मेसेज आला आणि माझं लक्ष त्या छोट्या गोलाकडे गेलं. आत एक चेहरा होता. पांढराफटक रंग, गुलाबी गाल, टोकं वर वळलेली बारीक मिशी, हनुवटीवर दाढीची एक काळी रेघ, आणि ओठांवर हसू. ते हसू मला आवडलं नाही. घरात दाखवलं तर मिस्टर म्हणाले, हे तर आंदोलनवाल्यांचं तोंड आहे, परदेशात मोर्च्यात घालतात.

झालं. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाईलच्या स्टेटसवरून काय घडलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. तेव्हापासून वर्गातल्या मोठ्या मुलांना मी दर महिन्याला एकदा सांगते, स्टेटस ठेवताना दहा वेळा विचार करा. म्हणून लगेच लिहिलं, ‘बेटा, ये डीपी निकाल दे.’

‘क्यूं टीचर? पिच्चर का है.’

‘निकाल बोली ना मैं.’

दोन मिनिटांत चेहरा गेला आणि राखाडी गोल आला. पाठोपाठ त्याचा मेसेज: ‘आप देखे क्या टीचर वो पिच्चर?’

मी पाहिला नव्हता. न वाचलेल्या पुस्तकावर मत देऊ नये, हे मी वर्गात शिकवते. बी.एड.ला असताना त्यावर एक अख्खा पाठ घेतला होता, निरीक्षकांनी चांगला शेराही दिला होता. आणि इथे न पाहिलेल्या पिक्चरवर मी घरबसल्या बंदी घातली होती.

पिक्चरचं नाव ‘व्ही फॉर व्हेंडेटा’. २००६ साली तो थिएटरात लागला. त्याआधी ते चित्रांचं पुस्तक होतं, ज्याला ग्राफिक नॉव्हेल म्हणतात. लेखक ॲलन मूर, चित्रकार डेव्हिड लॉईड. १९८२ पासून इंग्लंडमधल्या एका मासिकात ते क्रमशः येत होतं. ते मासिक बंद पडलं, मग अमेरिकेतल्या डीसी कंपनीने १९८८-८९ मध्ये ते पूर्ण केलं. डीसी म्हणजे सुपरमॅन आणि बॅटमॅनवाली कंपनी. सिनेमा झाला तेव्हा मूरने श्रेयनामावलीतून स्वतःचं नाव काढायला लावलं. लेखक एवढा का रुसला असेल, हे मला सिनेमा आणि पुस्तक दोन्ही बघून झाल्यावर थोडं कळलं.

माझं इंग्रजी बेताचं. लेकीच्या लॅपटॉपवर, खाली अक्षरं लावून, थांबवत थांबवत दोन रात्रींत पाहिला. उद्याचं इंग्लंड आहे. एकच पक्ष, एकच नेता, तोही बहुतेक वेळा भिंतीएवढ्या पडद्यावर तोंड दाखवून ओरडणारा. टीव्हीवर रोज भीती शिजवून वाढली जाते. रात्री घराबाहेर पडायला बंदी. छळछावणीत प्रयोग करून करून ज्याची शक्ती माणसापलीकडे गेली आहे असा एकजण त्या छावणीतून निसटलेला. त्याचं नाव नाही, चेहरा जळालेला, तोंडावर सतत तो मुखवटा. सिनेमाभर एकदाही तो मुखवटा उतरत नाही. एवी नावाची टीव्ही केंद्रात काम करणारी मुलगी त्याच्या वाटेत येते आणि गोष्ट पुढे जाते. मारामाऱ्या आहेत, सुऱ्या फिरतात, इमारती उडतात. मुलांना का आवडतो हे कळतं.

एका जागी मात्र मी थांबवलं आणि उठून पाणी प्यायले. टीव्हीवर हसवण्याचे कार्यक्रम करणारा एक मोठा कलाकार एवीला आपल्या घरात आसरा देतो. त्याच्या घरात एक चोरखोली आहे. सरकारने बंदी घातलेली चित्रं, तसबिरी त्याने तिथे जपून ठेवल्यात आणि त्यांच्यामध्ये काचेआड, उजेड पाडून, कुरआनची एक जुनी हस्तलिखित प्रत. एवी घाबरून विचारते, तू मुसलमान आहेस का? तो म्हणतो नाही, पण यातली चित्रं सुंदर वाटायला आणि शब्द मनाला भिडायला मुसलमानच असावं लागतं असं थोडंच आहे. पुढे तोच कलाकार आपल्या कार्यक्रमात नेत्याची टर उडवतो. रात्री घरावर धाड पडते. नंतर कळतं, नुसत्या टवाळीवर भागलं असतं, पण घरात कुरआन सापडला म्हणून त्याला ठार केलं.

खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. परदेशातल्या एवढ्या मोठ्या सिनेमात आमच्या किताबाबद्दल कुणीतरी इतक्या अदबीने बोललं, ही सवय आम्हाला नाही. आमच्या वाट्याला बहुतेक बॉम्ब येतो, किंवा कव्वाली.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर ‘अलिफ’ काढताना एकदम लक्षात आलं, की त्या सिनेमात कुरआन आहे, पण मुसलमान एकही नाही.

तो नुकताच मेलेला नाही, पळालेला नाही, तळघरात लपलेला नाही. तो गोष्ट सुरू होण्याच्या आधीच संपलेला आहे. त्याच्या किताबासाठी मरायलाही दुसराच कुणी भला माणूस आहे. दिग्दर्शकाची नियत चांगली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण अशी हमदर्दी आम्ही रोज अनुभवतो. आमच्या बिर्याणीवर प्रेम, आमच्या गझलेवर प्रेम, आमच्या कातीव दगडी कमानींपुढे फोटो. आम्ही मात्र भाड्याने खोली मागायला गेलो की खोली नुकतीच दिलेली असते. कपाटातली वस्तू म्हणून आमचा सन्मान करणारे भले लोक मला भेटले आहेत. त्यांच्यावर रागावता येत नाही, हीच अडचण आहे.

मग मुलाला फोन केला. म्हटलं, पिच्चर देखी. त्याने विचारलं, किताब देखते क्या टीचर? रविवारी तो जाडजूड पुस्तक घेऊन स्टॉपवर आला, जुन्या पुस्तकवाल्याकडून घेतलेलं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. पुस्तकात ती चोरखोली नाही, तो किताब नाही. तिथला आसरा देणारा माणूस भुरटा गुन्हेगार आहे. पण एवी आपल्या लहानपणाची हकिगत सांगते, त्यात एका चौकटीत येतं की काळ्या लोकांना आणि पाकिस्तान्यांना उचलून नेलं. बस, तेवढंच, नंतर त्यांचं नाव नाही. मला ती एक चौकट सिनेमातल्या अख्ख्या खोलीपेक्षा जास्त खरी वाटली. घडतं ते असंच, कुणाच्या तरी बोलण्यात ओघाने, अर्ध्या वाक्यात.

मुखवट्याची हकिगतही मला मुलानेच सांगितली आणि मग मी वाचून खात्री केली. तो चेहरा गाय फॉक्सचा. नोव्हेंबर १६०५ मध्ये लंडनच्या पार्लमेंटखालच्या तळघरात बंदुकीच्या दारूची पिंपं रचून बसलेला हा माणूस पकडला गेला. तो कॅथलिक होता, आणि प्रोटेस्टंट इंग्लंडमध्ये कॅथलिक म्हणजे अल्पसंख्य. कट मूठभरांचा, पण पुढच्याच वर्षी सगळ्या कॅथलिकांना राजनिष्ठेची शपथ घ्यायला लावणारा कायदा झाला. तेव्हापासून दर ५ नोव्हेंबरला त्याचे पुतळे जाळतात. म्हणजे शेकडो वर्षं पोरासोरांनी जाळलेलं तोंड उचलून लॉईडने आपल्या नायकाला लावलं. शपथेचं वाचून मी जरा वेळ गप्प बसले. आपल्याकडे शपथ कायद्याने घ्यावी लागत नाही, ती रोजच्या बोलण्यात घ्यावी लागते. क्रिकेटच्या मॅचच्या दिवशी तर चहाच्या टपरीवरसुद्धा.

आमच्या घरात चित्रांच्या पुस्तकाला मान नव्हता. अब्बांच्या मते चित्र म्हणजे अर्धा गुनाह आणि कॉमिक म्हणजे पुरा. मी ‘इंद्रजाल’चे वेताळाचे अंक रद्दीवाल्याकडे उभ्याने वाचले. वेताळही मुखवटेवालाच, जंगलात राहणारा, चालता-बोलता. पण रात्री अंधारात नानी ज्या गोष्टी सांगायची, त्यांना कुणाची हरकत नव्हती, आणि त्या काय कमी होत्या? दास्तान-ए-अमीर हमजा. हमजापेक्षा आम्हा पोरांचा जीव उमरो अय्यारवर. लुच्चा, लोभी, वेष बदलण्यात पटाईत. त्याच्याकडे जंबील नावाची झोळी, तिच्यात अख्खं जग मावेल. अंगावर घेतली की माणूस दिसेनासा होतो अशी घोंगडी. हा सुपरहिरो नाही तर कोण? आणि तो सतत फजीत होतो, हे विशेष.

कॉलेजात गेल्यावर कळलं की अकबर बादशहाने याच गोष्टींचा ‘हमजानामा’ करून घेतला होता. कापडावर काढलेली मोठमोठी चित्रं, सुमारे १४०० पानं, काम पंधरा वर्षं चाललं. चित्र एका बाजूला आणि मजकूर मागच्या बाजूला. एकाने पान धरायचं, दुसऱ्याने गोष्ट सांगायची. आज त्यातली दोनशेसुद्धा पानं उरलेली नाहीत. याला ग्राफिक नॉव्हेल म्हणायचं नाही तर काय? काळ १५६२ च्या पुढचा. त्याच सुमारास आमच्या याच रस्त्याच्या शेवटी, पैठणात, एकनाथ महाराज भारुडं रचत होते. त्यांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त दोघं एकमेकांच्या धर्माची मनसोक्त खिल्ली उडवतात, हमरीतुमरीवर येतात आणि शेवटी गळ्यात पडतात. आज हा संवाद दोन मुलांना गॅदरिंगमध्ये म्हणायला लावायची माझी हिंमत नाही. सोळाव्या शतकात होती ती हिंमत गेली कुठे, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारते, इतरांना कशाला विचारू.

तर, तो सिनेमा. त्यातल्या दोन गोष्टी मला पटल्या नाहीत.

एक तर एवीचा तुरुंग. तिला पकडतात, डोकं भादरतात, उपाशी ठेवतात, मारतात, दिवसेंदिवस तेच. भिंतीतल्या भोकातून तिला आधीच्या एका कैदी बाईचं पत्र मिळतं. ते पत्र सिनेमातला सगळ्यात चांगला भाग आहे. शेवटी एवी मरायला तयार होते, तेव्हा दार उघडतं आणि कळतं की हा सगळा छळ त्या मुखवटेवाल्यानेच केला होता, तिची भीती जावी म्हणून. पुस्तकातही तसंच आहे. आणि ती थोडं रडून-ओरडून पुढे त्याच्या प्रेमात! माझ्या विद्यार्थ्याला हा प्रसंग फार भारी वाटतो. मला नाही वाटला. तुझ्या भल्यासाठी मारतो असं म्हणणारे पुरुष पाहायला मला इंग्लंडला जावं लागत नाही. मारून भीती जाते, हे ज्याने मार खाल्लेला नाही त्यानेच लिहावं. मार खाल्लेली मुलं मी वर्गात ओळखते. नुसता डस्टर उचलला तरी त्यांची मान खाली जाते.

दुसरी गोष्ट तो मुखवटाच. शेवटी लंडनची हजारो माणसं तोच मुखवटा घालून रस्त्यावर येतात. सैनिक गोळी झाडत नाहीत, कारण वरून हुकूमच येत नाही, आणि समोर कोण आहे तेही कळत नाही. फार सुंदर दृश्य. पण हे जमतं कुठे, तर जिथे नावाआधी चेहरा दिसतो तिथे. आमच्याकडे नाव आधी पोचतं. हजेरीपटावर, आधारकार्डावर, व्हॉट्सॲपच्या गोलाशेजारी. तोच मुखवटा पुण्याच्या एखाद्या मुलाने लावला तर तो सिनेमाचा शौकीन. माझ्या विद्यार्थ्याने लावला तर त्याच्या नावाशेजारी तो मुखवटा राहत नाही, पुरावा होतो. आता कुणी म्हणेल, बाई, उगाच घाबरता. असेल. पण मी एकटी घाबरत नाही. गावातली प्रत्येक आई घाबरते, आणि ती भीती हवेतून आलेली नाही. (जाता जाता, त्या बंडखोर मुखवट्याचे हक्क सिनेमा काढणाऱ्या बड्या कंपनीकडे आहेत. जगभर मोर्चात तो विकला गेला की तिचे पैसे तिला मिळतात.)

याच दिवसांत मी दुसरा पिक्चर परत पाहिला. परत, कारण आधी एकदा हसण्यापुरता पाहिला होता. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’. फैजा अहमद खान या बाईंनी २००८ साली केलेला माहितीपट. मालेगाव माहीत नाही असा मराठी माणूस नाही, पण माहीत काय आहे? यंत्रमाग, मोसम नदीच्या दोन काठांवर वाटलेलं गाव, आणि २००६ आणि २००८ चे स्फोट. २००६ चा स्फोट कब्रस्तानाजवळ झाला, शबे बरातच्या दिवशी. मेले ते बहुतेक मुसलमान आणि पकडलेही मुसलमानच. त्या नऊ जणांना आरोपातून मोकळं व्हायला २०१६ उजाडलं. तर त्याच गावात, त्याच वर्षांत, नासिर शेख नावाचा व्हिडिओ पार्लरवाला माणूस सुपरमॅनचा पिक्चर काढत होता. त्याआधी त्याने ‘मालेगाव के शोले’ काढला होता आणि तो गावात धो धो चालला होता. शुक्रवारी माग बंद असतात, त्या दिवशी सगळं गाव पिक्चरला.

सुपरमॅन झाला शफीक शेख. यंत्रमागावरचा कामगार, अंगावर मांस नाही, पोशाखाच्या वरून घातलेल्या लाल चड्डीचा नाडा पुढे लोंबतोय. हिरवं कापड लावून त्याला उडवायचं. कॅमेऱ्याच्या हालचालीसाठी सायकल, उंचीवरून घ्यायचं तर बैलगाडी. एकदा तर कॅमेराच पाण्यात पडतो. मध्येच हिरोचं लग्न निघतं म्हणून शूटिंग थांबतं. आणि दुश्मन कोण? ना कुठला देश, ना कुठली जमात. गावाला तंबाखूच्या नादी लावणारा, घाणीत खूश असणारा एक खलनायक. मालेगावच्या धुरळ्याने खुद्द सुपरमॅनला दम लागतो.

महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली २०१२ साली. मालेगावचा सुपरमॅन चार वर्षं आधीच कामाला लागला होता. (आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीवरच्या लाल पिचकाऱ्या पाहिल्या तर त्याला अजून निवृत्ती देता येणार नाही.) सिनेमा भारतातल्या थिएटरांत लागायला २०१२ उजाडलं. तोवर शफीक गेला होता, कॅन्सरने. नासिर आणि त्याच्या मित्रांवर रीमा कागती यांनी २०२५ मध्ये ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ काढला. आदर्श गौरव, विनीत कुमार सिंग, शशांक अरोरा, सगळ्यांनी काम छान केलंय. मैत्रिणींनी रडत रडत फोन केले. मलाही आवडला, पण त्यात सगळे जरा जास्तच देखणे आहेत. खऱ्या शफीकला पाहिल्यावर दुसऱ्या कुणाच्या छातीवर तो ‘एस’ मला शोभत नाही.

सुपरमॅनबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. बॅटमॅन, स्पायडरमॅन, वेताळ, तो व्ही, सगळे तोंड झाकतात. सुपरमॅन झाकत नाही. तो लढताना तोंड उघडं ठेवतो आणि ऑफिसात जाताना चष्मा लावून दुसराच कुणी होतो. १९३८ साली पहिल्यांदा छापला गेलेला हा हिरो ज्यांनी बनवला ते जेरी सीगल आणि जो शुस्टर, क्लीव्हलंडमधले शाळेपासूनचे दोस्त, परदेशातून आलेल्या ज्यू कुटुंबांतले. त्यांनी १३० डॉलरला त्याचे हक्क विकून टाकले, पण ते रडगाणं वेगळं. आपला मुलूख गमावून आलेला, दोन नावांनी जगणारा, दिवसा खालमानेने वावरणारा माणूस त्यांना का सुचला असेल, हे मला कुणी समजावून सांगायला नको. मी घरी दखनी बोलते, वर्गात किताबी उर्दू, स्टाफरूममध्ये प्रमाण मराठी. बाजारात माझं मराठी ऐकून ‘तुम्ही वाटत नाही हो’ म्हणणारे आहेत. ते कौतुकच करत असतात.

मालेगावकरांनी हे सगळं वाचून सुपरमॅन निवडला असं मी म्हणत नाही. त्यांना तो उडतो म्हणून हवा होता. पण झालं असं की एका मुसलमान कामगाराने उघड्या तोंडाने, आपल्या गल्लीत, आपल्या नावाने तो पोशाख घातला, आणि गल्ली पोट धरून हसली. तो किताबासाठी शहीद झाला नाही, कुणी त्याची कीव केली नाही. शाळेच्या निबंधात आम्हाला दोनच जागा असतात, एक अब्दुल हमीद आणि एक कलाम साहेब. दोघांनाही माझा सलाम. पण वीरही नाही आणि शास्त्रज्ञही नाही अशा मुसलमान पोराने काय करायचं? लोंबता नाडा घेऊन त्याला कुठे उभं करायचं? आपण हसण्यासारखेही आहोत, फजीत होण्याइतके साधे आहोत, हे आमचे लोकही मान्य करायला तयार नसतात. आमच्या संमेलनांत आमच्यावरचे अन्याय मोजले जातात, ते मोजलेच पाहिजेत. पण उमरो अय्यारसुद्धा आमचाच होता की.

श्रावणातल्या एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर, मुख्याध्यापकांना विचारून मी नववी-दहावीच्या मुलांना तो माहितीपट दाखवला. चितेगाव एके काळी टीव्हीचं गाव. व्हिडिओकॉनचा कारखाना इथलाच. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. देशभर ज्या डब्यांवर लोकांनी रामायण आणि क्रिकेट पाहिलं, त्यातले कितीतरी आमच्या गावातून गेले असतील. पडद्यापुढे बसलेल्या काही मुलांच्या वडिलांनी तरुणपणी कुठल्या ना कुठल्या कारखान्यात असे डबे जोडले आहेत, आज त्यांच्यातले कुणी भाजीची गाडी लावतात, कुणी रिक्षा चालवतात.

पहिली पाच मिनिटं मुलं अवघडून बसली होती. टीचर दाखवतायत म्हणजे शेवटी प्रश्न विचारणार. मग मागून एक आवाज आला, ‘टीचर, इसका नाडा लटक रा!’ आणि वर्ग फुटला. एवढं हसू त्या खोलीत मी किती तरी दिवसांत ऐकलं नव्हतं. शफीक पुढे वारला हे मी शेवटी सांगितलं, तेव्हा कुणी काही बोललं नाही. एका मुलाने विचारलं, ‘गुटखा खाता था क्या?’ मी म्हटलं, ते मला विचारू नकोस, तू खातोस का ते सांग. तो खिडकीबाहेर बघू लागला.

मग मुलींच्या बाकावरून एक प्रश्न आला. ‘टीचर, लड़कियां किधर हैं?’

प्रश्न बरोबर होता. माहितीपट बाईने केलेला, आणि त्यातल्या पिक्चरमध्ये गावातली बाई नाही. हिरॉईन बाहेरून आणावी लागली, कारण मालेगावातली कोणती मुलगी पडद्यावर यायची! व्हिडिओ हॉलमध्ये बसणारेही सगळे पुरुष. तिकडे चोरखोलीत किताब आहे, मुसलमान नाही. इकडे मुसलमान आहेत, बायका नाहीत. मी मुलींना अमेरिकेतल्या कमला खानबद्दल सांगितलं, की २०१४ पासून तिची कॉमिक्स निघतात, पाकिस्तानी घरातली पोरगी, मिस मार्व्हल. त्यांनी नम्रपणे ऐकून घेतलं. विचारणारी म्हणाली, ‘वो अमरीका में है ना टीचर.’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी टीव्ही बंद केला आणि वायर गुंडाळत बसले.

त्याच्या पुढच्या आठवड्यात पुस्तक परत करायला मुलाला स्टॉपवर बोलावलं. मनाशी ठरवून गेले होते. म्हटलं, ‘मैं गलती करी. बिना देखे बोली तेरे कू. वो डीपी लगाना है तो लगा ले.’

आजवर कुठल्या विद्यार्थ्याची मी माफी मागितलेली नाही, त्यामुळे आवाज जरा विचित्र निघाला. तो हसला. पुस्तकाची पाठ तपासली, चिकटपट्टी जागेवर होती.

‘रहने दो टीचर,’ तो म्हणाला. ‘अब्बा कू बिडकीन में नया काम लगा है. सुपरवायझर के ग्रुप में मेरा भी नंबर है. सब लोगां देखते.’

मग पुस्तक बॅगेत टाकून तो सिटीच्या रिक्षात बसला.